कात्राबाईच्या वाटेवरच्या माणसांचे आभार

रतनगडाहून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड, असा आमचा ट्रेक. पाठीवर ओझं होतंच, पण खरा कस धुक्याने काढला. कारवीच्या झुडपांत ढोरवाटा चहूकडे, आपली वाट कुठली ते कळेना. तेव्हा गुरांमागे निघालेले बाबा आपलं काम सोडून कुमशेतची घरं दिसेपर्यंत सोबत आले. पैसे पुढे केले तर नुसते हसले. गावात एका मावशींनी आम्हाला चुलीपुढे बसवून नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. (सॅकमधल्या नूडल्स तशाच परत आल्या!) खडकांवर बाण रंगवणाऱ्यांना, दगडावर दगड रचून खुणा ठेवणाऱ्यांना तर आम्ही पाहिलेलंही नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसला तो तुम्हा सगळ्यांमुळे. मनापासून आभार. आणि मावशी, पुढच्या खेपेला भाकरीचे पैसे घ्यावेच लागतील.