आठ डिस्क दिसेनाशा झाल्या, त्या गुरुवारची हकीकत

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास की, कॉलेजातला सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टीमवरचा सर्व्हर येत्या सुटीत नव्या आवृत्तीवर न्यायचाच, आणि मी नुसते ‘जरा थांब’ म्हणून विषय बदलला. तुला ते आवडले नाही, हे तुझ्या आवाजावरून कळले. त्या वेळी माझ्यासमोर संस्थेतली मंडळी बसली होती आणि जे सांगायचे होते त्यात चूक माझीच होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

आमच्याकडे जुन्या मासिकांची आणि पोथ्यांची पाने स्कॅन करून साठवली जातात, हे तुला ठाऊक आहे. त्या सर्व्हरमध्ये मदरबोर्डला थेट जोडलेल्या दोन एसएसडी आहेत, त्यांवर ऑपरेटिंग सिस्टीम आहे. आणि डिस्क जोडायच्या एका एचबीए कार्डावर प्रत्येकी ४ टीबीच्या आठ डिस्क आहेत, ज्यांचा एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणारा संच) बांधलेला आहे. दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत घडवायच्या माहितीला, जाऊन २४ टीबी हाती उरते. गेल्या महिन्यात एका गुरुवारी पेठेत देखभालीसाठी दिवसभर वीज नसणार होती. यूपीएसच्या भरवशावर सर्व्हर ठेवण्यापेक्षा तो बंद करावा, आणि बंद करायचाच आहे तर साचलेले अपडेटही उरकून घ्यावेत, असा दुहेरी फायद्याचा विचार मी केला. सकाळी अपडेट घातले, यंत्र बंद केले आणि पाचच्या सुमारास वीज आल्यावर चालू केले. ते विनातक्रार उठले, लॉगिनची ओळ आली, आणि मी निर्धास्तपणे चहाला गेलो.

परतलो तेव्हा स्कॅनिंगच्या बाई दारातच उभ्या होत्या. “सर, सगळी फोल्डरं रिकामी दिसतायत. मी कशालाही हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. मी डिस्कांची यादी देणारे एलएसबीएलके चालवले, तर दोन एसएसडी दिसत होत्या आणि त्याखाली काहीच नव्हते. पोटात गोळा आला, हे कबूल करतो.

यंत्र इतके शांतपणे कसे उठले, याचे कारण मीच करून ठेवलेली एक सोय होती. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय कुठे जोडायचे त्या यादीत, डेटाच्या ओळीवर मी ‘नोफेल’ (हे जोडले गेले नाही तरी अडू नकोस) लिहून ठेवले होते. ते नसते तर यंत्र सुरू करण्याचे काम पाहणाऱ्या सिस्टीमडीने त्या व्हॉल्यूमची, म्हणजे रेडवरच्या साठ्याची, दीड मिनिट वाट पाहिली असती आणि मग यंत्र आणीबाणीच्या प्रॉम्प्टवर अडून बसले असते. निदान काही बिनसले आहे हे मला त्याच क्षणी कळले असते. नोफेलमुळे सिस्टीम पुढे गेली आणि जिथे २४ टीबी दिसायला हवे होते तिथे एसएसडीवरचा एक रिकामा फोल्डर उघडा राहिला. स्कॅनरच्या दोन संगणकांनी तेवढ्या वेळात त्या रिकाम्या फोल्डरात अकरा फायली टाकल्याही होत्या. नंतर खरा व्हॉल्यूम माउंट झाल्यावर, म्हणजे त्या फोल्डरशी जोडला गेल्यावर, त्या त्याच्याखाली दडल्या आणि मूळ फाइलसिस्टीम दुसरीकडे बाइंड माउंट करून, म्हणजे आणखी एका जागी जोडून, त्या बाहेर काढाव्या लागल्या.

पण हे किरकोळ होते. खरी धास्ती रात्री नऊची होती. रोज नऊ वाजता आरसिंक हा प्रती करणारा प्रोग्राम डेटाच्या फोल्डरची हुबेहूब प्रत शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या यंत्रावर करतो, आणि त्याला ‘डिलीट’ हा पर्याय दिलेला आहे, म्हणजे मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकायचे. मूळ फोल्डर वाचता आला नाही तर आरसिंक पुसापुशी करत नाही. पण रिकामा फोल्डर ही त्याच्या लेखी चूक नव्हे, ती मालकाची इच्छा आहे. डिस्क शोधण्याच्या नादात नऊ वाजून गेले असते, तर आमची प्रत आमच्याच स्क्रिप्टने प्रामाणिकपणे रिकामी केली असती. म्हणून सर्वांत आधी मी क्रॉनटॅबमधली, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीतली, ती ओळ बंद केली आणि मगच खुर्चीत बसलो. तुझ्याकडेही अशीच व्यवस्था आहे, कारण ती स्क्रिप्ट तू माझ्याकडूनच घेतली आहेस. तेव्हा हा परिच्छेद दोनदा वाच.

मग मी खालून वर तपासत गेलो. सर्व्हरच्या तोंडावरचे आठही हिरवे दिवे लागलेले होते आणि ट्रेवर बोट ठेवले की डिस्क फिरत असल्याची थरथर जाणवत होती. यंत्र पुन्हा सुरू करून पडद्याकडे नीट पाहिले, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी कार्डाचे स्वतःचे बायोस जी यादी दाखवते तीत आठही डिस्क त्यांच्या मॉडेल क्रमांकांसह हजर होत्या. म्हणजे डिस्क, केबल, वीज आणि कार्ड ही चारही मंडळी निर्दोष ठरली आणि घोळ त्यानंतर, लिनक्सच्या हद्दीत होता. तिथे जोडलेल्या कार्डांची यादी देणारे एलएसपीसीआय ‘एनएनके’ पर्याय देऊन चालवले. कार्डाची ओळ होती, तिच्या शेवटी १०००:००७२ हा क्रमांकही होता. पण इतर उपकरणांखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी जी ओळ येते, ती या कार्डाखाली नव्हती. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) नोंदींत, तर या कार्डाच्या एमपीटी३एसएएस ड्रायव्हरचा उल्लेखसुद्धा नव्हता. ड्रायव्हर चालून फसला असता तर निदान कुरकुर तरी दिसली असती. इथे त्याला कोणी बोलावलेच नव्हते.

तो क्रमांक महत्त्वाचा आहे. पहिला भाग उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात अशा क्रमांकांचा तक्ता असतो आणि कर्नल कार्डाचा क्रमांक त्या तक्त्यांशी ताडून पाहतो. जुळला तर ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो, न जुळला तर कार्ड स्लॉटमध्ये नुसते बसून राहते आणि त्यामागच्या डिस्क सिस्टीमच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. ००७२ म्हणजे एसएएस२००८ ही चिप. एलएसआयच्या ९२११-८आय कार्डावर ती असते, आणि जुन्या सर्व्हरांत ते कार्ड ठिकठिकाणी सापडते. सेंटओएस ७ ते ओळखत होते. सेंटओएस ज्यावरून बनते, त्या रेड हॅटच्या २०१९ साली आलेल्या रेड हॅट एन्टरप्राइझ लिनक्स ८ मध्ये मात्र एमपीटी३एसएएसच्या तक्त्यातून हा क्रमांक काढलेला आहे आणि तसे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलेही आहे. ड्रायव्हर तोच, नाव तेच, फक्त ती एक ओळ नाही.

इथे तू विचारशील की, आमचे यंत्र तर दोन वर्षे त्याच घराण्यातल्या आवृत्ती ८ वर चालत होते, मग इतके दिवस डिस्क कशा दिसत होत्या? मलाही हाच प्रश्न पडला. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून यंत्र सुरू केले, तर आठही डिस्क दिसल्या आणि रेडची स्थिती सांगणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात आठ ‘यू’ (प्रत्येक म्हणजे एक चालू डिस्क) ओळीने उभे होते. तो क्षण लिहून सांगता येणार नाही. अपडेट घालणारा डीएनएफ मुळातच तीन कर्नल राखून ठेवतो, त्याचे मोल त्या संध्याकाळी कळले. मग दोन्ही कर्नलांखाली मॉडइन्फो चालवून ड्रायव्हरची फाइल कुठून येते ते पाहिले. जुन्यात ती ‘वीक-अपडेट्स’ नावाच्या फोल्डरातून येत होती, नव्यात कर्नलच्या स्वतःच्या फोल्डरातून. काखेत कळसा म्हणतात तो असा: आरपीएमच्या, म्हणजे घातलेल्या पॅकेजांच्या, यादीत ‘केमॉड-एमपीटी३एसएएस’ नावाचे पॅकेज होते आणि ते घातल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारची होती. घालणारा मीच. ज्या उपकरणांचा आधार मूळ वितरणातून काढला गेला, त्यांच्यासाठी ईएलरेपो हा प्रकल्प अशी मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे ड्रायव्हर, बांधून देतो. ते मी घातले, डिस्क दिसल्या, आणि कुठेही एक ओळ न लिहिता विसरून गेलो.

असे बाहेरचे मोड्यूल एका कर्नलसाठी बांधलेले असते. पुढचा कर्नल आल्यावर आतली चिन्हे (मोड्यूलला लागणारी कर्नलमधली नावे) जुळत असतील तर त्याचा दुवा आपोआप नव्या कर्नलखाली जोडला जातो, म्हणून किरकोळ अपडेट दोन वर्षे सुखरूप पार पडले. ८ च्या एका उपआवृत्तीतून पुढच्या उपआवृत्तीत जाताना ही चिन्हे बदलू शकतात, मग दुवा जोडला जात नाही आणि कर्नलचे स्वतःचे, ००७२ न ओळखणारे मोड्यूल पुढे येते. त्या गुरुवारी मी ‘साचलेले अपडेट’ म्हणून जे उरकले, त्यात ही उपआवृत्तीची उडी होती. मी ते न वाचता ‘वाय’ दाबले.

उपाय त्यामानाने दहा मिनिटांचा होता. नव्या उपआवृत्तीसाठी बांधलेले तेच पॅकेज घातले, नव्या कर्नलवर यंत्र सुरू केले आणि डीमेसेजमध्ये एकामागून एक आठ डिस्क उतरताना पाहिल्या. आमच्या यंत्रात सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) बंद आहे. तुझ्याकडे चालू असेल तर ईएलरेपोची किल्ली आधी नोंदवावी लागेल, नाहीतर कर्नल ते मोड्यूल स्वीकारणार नाही.

मधल्या दोन तासांत मी काय केले नाही, ते सांगणे अधिक गरजेचे आहे. आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने सुचवले की रेड ‘नव्याने तयार’ करून पाहू, कदाचित डेटा दिसेल. मी त्याला अक्षरशः कीबोर्डपासून दूर केले. प्रत्येक डिस्कवर एमडीएडीएमचा सुपरब्लॉक असतो, त्यात ती कोणत्या रेडची, कितव्या जागेवरची हे लिहिलेले असते. त्यामुळे डिस्कचे नाव एसडीबीचे एसडीई झाले तरी बिघडत नाही आणि ‘असेंबल’ने रेड पुन्हा जुळते. ‘क्रिएट’ मात्र तेच सुपरब्लॉक नव्याने लिहिते, आणि क्रम किंवा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) चुकला की जे केवळ दिसत नव्हते ते खरोखरच जाते. डिस्क दिसत नसताना त्यांच्यावर एक अक्षरही लिहायचे नाही, एवढे हट्टाने पाळ. तुझे कार्ड साधे एचबीए नसून स्वतःच रेड सांभाळणारे रेड कंट्रोलर निघाले, तर कार्ड बदलल्यावर ते ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचे विचारू शकते. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचे, ‘क्लिअर’ नव्हे. हे दोन पर्याय पडद्यावर एकमेकांना इतके खेटून का ठेवतात, हे मला आजवर कळलेले नाही.

आता तुझ्या सर्व्हरविषयी. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तेव्हा हलायला हवे यात वाद नाही. जागच्या जागी लीॲप या आवृत्ती चढवणाऱ्या साधनाने चढणार असशील तर आधी त्याची पूर्वतपासणी चालव; काढून टाकलेल्या ड्रायव्हरांविषयी अहवालात स्पष्ट सूचना येते, ती वाटेतला अडथळा समजून बाजूला सारू नकोस. कोरी सिस्टीम टाकणार असशील तर त्याआधी डेटाच्या डिस्कांची केबल काढून ठेव, म्हणजे इन्स्टॉलरचा हात चुकूनही तिथे पोहोचणार नाही. रेड हॅटच्याच धर्तीवरच्या अल्मालिनक्सने ९.४ पासून, म्हणजे मे २०२४ पासून, अशा जुन्या कार्डांचे बरेचसे क्रमांक आपल्या कर्नलमध्ये परत घेतले आहेत. बाहेरच्या मोड्यूलची उसाभर टाळायची असेल तर तुझ्यासाठी तो मार्ग मला बरा वाटतो. मात्र तुझा रेड एलव्हीएमखाली, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या व्यवस्थेखाली, आहे. कोऱ्या ९ वर एलएसबीएलकेमध्ये डिस्क दिसूनही व्हॉल्यूम ग्रुप दिसला नाही, तर घाबरू नकोस: ९ मध्ये एलव्हीएम मुळातच एका यादीतली उपकरणे पाहतो आणि तुझी उपकरणे त्या यादीत नसतील. व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेसने ती यादीत घालता येतात.

कार्डच बदलायचे ठरवलेस तर ९३००-८आय घे, त्यावरची एसएएस३००८ चिप ८ आणि ९ दोन्ही ओळखतात. पण त्याचे तोंड एसएफएफ-८६४३ जातीचे आहे आणि तुझ्या जुन्या केबलचे एसएफएफ-८०८७, तेव्हा केबलही बदलावी लागेल. मी भाबडेपणाने ती शोधत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत एक अख्खी दुपार घालवली. पासोड्या विठोबापर्यंतच्या प्रत्येक दुकानदाराने मला आदराने एचडीएमआय केबल दाखवली. शेवटी ऑनलाइन मागवली. एक जादा आली आहे, ती तुझ्यासाठी ठेवली आहे.

आमच्याकडे आता आरसिंकची स्क्रिप्ट आधी ‘माउंटपॉइंट’ने व्हॉल्यूम खरेच चढलेला आहे का ते तपासते आणि नसेल तर मला मेल पाठवून थांबते. व्हॉल्यूम उतरवलेला असताना खालच्या रिकाम्या फोल्डरवर मी चॅटर या आज्ञेने ‘आय’ (बदल करू न देणारी) ही खूण लावून ठेवली, त्यामुळे त्यात कोणालाच काही टाकता येत नाही. आणि सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर कार्डाचा क्रमांक, डिस्कांची यादी आणि त्या पॅकेजचे नाव असलेला एक छापील कागद चिकटवला आहे. त्यावर स्कॅनिंगच्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘अपडेट करण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचून उपयोग होत नाही.’ पेठेतल्या माणसाला पाटी लिहायला शिकवावे लागत नाही.

तू बुधवारपर्यंत एलएसपीसीआयची कार्डाची ओळ, एमडीस्टॅट आणि एफएसटॅब एवढे मला पाठव. क्रमांक ००७२ निघाला तर केबल घेऊन मी शनिवारच्या पहिल्या एसटीने निघतो; तोवर यंत्राला हात लावू नकोस. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझाच,
मित्र