आवाजाच्या मिक्सरमागच्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या चर्चमध्ये जॉर्जिया गिलमोर आणि जो अ‍ॅन रॉबिन्सन या कृष्णवर्णीय पुढारी स्त्रियांच्या स्मरणार्थ गाण्यांचा कार्यक्रम झाला. कौतुक गायकांच्या वाट्याला आलं, ते यायलाच हवं. पण मिक्सरमागच्या माणसाची आठवण लोकांना स्पीकरची शिट्टी वाजली तरच होते. त्या संध्याकाळी ती एकदाही वाजली नाही, म्हणून हे पत्र.

30 जणांच्या गायनवृंदाला आम्ही 8 माइक मागितले होते. तुम्ही 3 लावलेत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुटण्याआधी हाताशी असलेली सवड 3 डेसिबलने घटते, हे तेव्हा कळलं. पहिल्या रांगेपासून 60 सेंमी पुढे, डोक्यांच्या जरा वर. आणि दोन माइकांत त्याच्या तिप्पट, म्हणजे 180 सेंमी अंतर. याहून जवळ आणले तर एकच गळा दोन माइकांत मागेपुढे पोचतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. 100 हर्ट्झखालचे खोल आवाज तुम्ही कापलेत, नाहीतर लाकडी पायऱ्यांवर ताल धरणारे पायच जास्त ऐकू आले असते. वृंदासमोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त पियानो सोडलात, त्यांचाच आवाज नाही. मुख्य गायिकेने माइकची जाळी मुठीत धरली तेव्हा हळूच बोटं दांड्यावर आणलीत. जाळी झाकली की माइक चहूकडचं ऐकू लागतो, स्पीकरचंही.

तुमचा एक हट्ट आम्हाला आधी जाचला: त्या दोघींचा परिचय वाचताना ऑर्गन बंद. गॉस्पेलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांत, बोलण्याखाली ऑर्गन वाजवायची रीत, त्यामुळे वादक नाराज झाले. पण खालचे सूर शब्दांतली व्यंजनं गिळतात, आणि इथे नावं ऐकू येणं हाच मुद्दा होता. 1955-56 च्या 381 दिवसांच्या, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस-बहिष्कारात गिलमोरबाई आणि त्यांच्या सख्या जेवण, ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), केक विकून पैसा उभा करत. गटाचं नाव ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच नाही’! पैसा कुठून आला असं कुणी विचारलंच, तर खरंच तसं उत्तर देता यावं. कुणा बाईचं नाव फुटलं तर तिची नोकरी जायची. तेव्हा मुद्दाम झाकलेली गोष्ट आता शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचली.

झील धरणं या गाण्याचा अर्धा जीव. गायिकेने ओळ टाकली की बाकांवरून उत्तर यायला हवं, म्हणून तुम्ही स्पीकर दबते ठेवलेत. शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तरच माणूस तोंड उघडतो. बाकांवरचा आवाज टिपणारे सभागृहाचे 2 माइक फक्त ध्वनिमुद्रणाला जोडलेत, स्पीकरला नाही.

रिकाम्या सभागृहातली चाचणी फसवी असते, लोक भरले की वरचे सूर शोषले जातात, हे वहीत लिहून ठेवलंय. माइकच्या जागी जमिनीवर तुम्ही चिकटवलेल्या पट्ट्या झाडलोट करणाऱ्यांना काढू दिलेल्या नाहीत.

तुमचे,
कार्यक्रमाचे संयोजक