मोजा चढवायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीत पायाच्या लसिकासुजेवरील (लसिका हा शरीरातला पाणीदार द्रव साचून येणारी सूज) शस्त्रक्रियेचा लेख वाचला. मिलिमीटरभराहूनही बारीक लसिकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शिरेला जोडतात, हे छान समजावले आहे. माझ्या डाव्या पायावर हीच शस्त्रक्रिया झाली. कर्करोगामुळे गर्भाशयासोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या, त्यानंतर दोन वर्षांनी पाय सुजू लागला. लेख मात्र टाक्यांपाशीच थांबला.

घरी सोडताना माझ्या कागदावर एकच ओळ होती : ‘घट्ट मोजे वापरणे’. कसले, किती वेळ, काही नाही. मी औषधाच्या दुकानातून तयार मोजा आणला. त्याची कड मांडीत रुतली आणि वर सुजेचा वळ उठला. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माप घेऊन मोजा करवून दिला. सकाळी पाय फुगायच्या आत तो चढवायचा, तोही भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून. म्हणजे नख लागत नाही, पकडही बसते. ओढायचा नाही, तळहाताने वर सारत न्यायचा आणि गुडघ्यामागे एक चुणी राहू द्यायची नाही. मोजे दोन लागतात, एक पायात, एक धुण्यात. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो. मी शिवणकाम करते, ढिले पडलेले कापड मला बोटांना कळते. बाकीच्यांनी काय करायचे?

बोटांच्या बेचक्यांचेही कुणी बोलले नव्हते. तिथे ओल राहून चीर पडली आणि एका रात्रीत थंडी-ताप, पाय लालबुंद. जंतुसंसर्ग! सलाइनमधून प्रतिजैविके घ्यावी लागली. असा प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या लसिकावाहिन्याही खराब करतो, हे मला तेव्हा कळले. आता रोज बेचक्या टिपून कोरड्या करते. दर रविवारी शिवणाची टेप त्याच खुणांवर लावते. घोटा चार सेंटीमीटरने उतरलाय, पोटरी मात्र हट्टी आहे.

जुन्या सुजेत चरबी साठलेली असते. ती शोषून काढली तर मोजा जन्मभर घालावा लागतो. म्हणून डॉक्टरांना विनंती, शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी रुग्णाला आणि घरातल्या एकाला समोर बसवून मोजा चढवायला लावा. माझ्या यजमानांना तो जमायला तीन आठवडे लागले.

– एक वाचक