लॅपिसच्या डायलला गेलेला तडा ही ‘नैसर्गिक रेष’ नव्हे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : दुरुस्तीदरम्यान तडा गेलेली क्रोनोग्राफची लॅपिस डायल विनामूल्य बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

सोबतच्या बिलावरील क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय आणि लॅपिस या निळ्या दगडाची डायल असलेले मनगटी घड्याळ) 3 नोव्हेंबरला आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिला, तो एकाच कारणासाठी. स्टॉपवॉच रीसेट केल्यावर त्याचा मधला काटा 12 वर न येता एक खूण पुढे थांबत होता. 21 नोव्हेंबरला घड्याळ परत मिळाले. काटा आता जागेवर येतो. पण मधल्या भोकापासून 9 च्या छोट्या काट्याच्या भोकापर्यंत डायलला तडा गेला आहे. त्यावर आपले उत्तर एका ओळीचे : नैसर्गिक दगडात अशा रेषा असतातच.

असतात. मात्र रेष कोणती आणि तडा कोणता, हे दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात मिनिटभरात कळते. लॅपिसमधली पांढरी शीर कॅल्साइट या खनिजाची. ती कमीजास्त जाडीची असते, तिच्या कडा निळ्यात मिसळलेल्या असतात आणि भोके कुठे आहेत याच्याशी तिला देणेघेणे नसते. इथली रेष केसाएवढी आहे, दोन्ही बाजूंचा निळा तोच आहे, घड्याळ कलते केले की ती चमकून नाहीशी होते. एका जागी तर ती पायराइट या खनिजाच्या सोनेरी कणाला वळसा घालून गेली आहे. दोन्ही टोके बरोबर भोकांच्या काठावर.

कारणही सरळ दिसते. मधला काटा उपसताना दोन लिव्हर डायलवर टेकवून दाबतात. नुसत्या पितळी डायलला ते सोसते; फार तर ओरखडा उमटतो. इथे पितळी पत्र्यावर चिकटवलेली दगडाची पातळ चकती आहे आणि 7750 या मूव्हमेंटसाठी (आतल्या यंत्रणेसाठी) तिला चार भोके आहेत : मध्ये एक, शिवाय 12, 6 आणि 9 वर एकेक. दोन भोकांमधला पट्टा सगळ्यात कमजोर. लिव्हरचा भार नेमका त्यावर आला, किंवा दोन्ही हातांचा दाब सारखा नसला, की दगड तिथेच तडकतो.

आता किमतीचे. हेच मॉडेल काळ्या लॅकर डायलमध्ये 2,85,000 रुपयांना आहे, लॅपिसमध्ये 4,10,000 ला. केस (बाहेरचे कवच) तीच, मूव्हमेंट तीच. सव्वा लाखाच्या फरकाचे कारण विक्रीच्या वेळी असे सांगितले गेले, की भोके पाडताना बऱ्याच चकत्या फुटतात आणि तो खर्च किमतीत धरलेला असतो. ते पटलेही. लॅपिस हा एकजिनसी दगड नाही. ड्रिल एकाच भोकात मोह्स मापावरच्या (खनिजांची कठिणता सांगणारे 1 ते 10 चे माप) 3 कठिणतेच्या कॅल्साइटमधून 6 च्या पुढच्या पायराइटवर आदळते. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाला असे एकच भोक पुरते; इथे चार आहेत. म्हणजे दगड ठिसूळ म्हणून आधी जादा पैसे घेतलेत, आणि तोच दगड तुमच्या टेबलावर तडकला तेव्हा ठिसूळपणा माझ्या खाती टाकलात.

त्यामुळे डायल वॉरंटीत, कोणतेही शुल्क न लावता बदलून द्यावी. तड्यात रेझिन भरून पॉलिश केलेली डायल चालणार नाही. संग्राहक अशा घड्याळाची किंमत लगेच पाडतात. नवी डायल अखंड नैसर्गिक लॅपिसची आहे, रंग दिलेला हाउलाइट (एक पांढरा दगड) किंवा भुकटी दाबून केलेला दगड नाही, हे लेखी द्यावे. बसवण्यापूर्वी तिचा फोटो पाठवावा, कारण पायराइटची नक्षी प्रत्येक चकतीत वेगळी असते. जुनी डायल मला परत हवी. केस पुन्हा उघडली जाणार असल्याने पाणीरोधक चाचणीचा अहवालही सोबत द्यावा.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, खरेदीच्या दिवशीचा आणि आताचा डायलचा फोटो, घड्याळ जमा केल्याची आपल्या सेंटरची पावती, जिच्यावर ‘डायल : निर्दोष’ असे आपल्याच कर्मचाऱ्याने लिहिले आहे.