चोपडा-जळगाव एसटीतल्या सिस्टर, तुमचे आभार
फ्लूचा ताप उतरून दोन दिवस झाले अन् सकाळी सहा वर्षांचा लेक पाय टेकवेना. चवड्यांवर दोन पावलं, की रडू. लकवा तर नाही ना, या धसक्यातच मी एसटी धरली. शेजारी तुम्ही. त्याचे मोजे काढून पाय मांडीवर घेतलेत, पोटऱ्या हलकेच दाबल्यात, ‘लघवी चहाच्या रंगाची होते का?’ विचारलंत. स्वतःचा थांबा सोडून दवाखान्यापर्यंत आलात. डब्यातली कळण्याची भाकरीही त्यालाच. (माझ्या हातची कधी खात नाही!) रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य) वाढलेलं निघालं, फ्लूनंतरची पोटऱ्यांच्या स्नायूंची सूज. पाचव्या दिवशी पोरगा अंगणात पळाला. नाव विचारायचं राहूनच गेलं, ताई. एक मोजा तुमच्या पिशवीत गेलाय वाटतं.