प्रश्न विचारून थांबणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही लेकीकडे राहायला गेलात आणि देवळाच्या अग्रशाळेतला, म्हणजे धर्मशाळेतला, संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग आता मोठी मुलंच चालवू लागली आहेत. निरोपाच्या दिवशी सगळ्यांचेच गळे दाटले होते, बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्यामुळे काय झालं ते इतर गावांतल्या पालकांना आणि शिक्षकांनाही कळायला हवं.

आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीला हायस्कुलात जातं आणि एका मे महिन्याच्या सुट्टीत त्याचं गणित, विज्ञान, भूगोल सगळं इंग्रजीत होऊन बसतं. लसावि चटकन काढणारं मूल एलसीएम म्हटलं की गोंधळतं. अंश-छेद त्याला पक्के ठाऊक असतात, पण न्यूमरेटर-डिनॉमिनेटर कधी कानावरून गेलेले नसतात. मग गणितच कच्चं आहे असा शेरा पडतो. जत्रेच्या नाटकात पानभर संवाद खणखणीत म्हणणारं मूल वर्गात तोंड उघडत नाही, आणि त्याला लाजरं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात.

तुम्ही कधीच तसं म्हटलं नाहीत. तुम्ही प्रश्न विचारायचात आणि थांबायचात. थांबताना नजर मुलावरून काढून समोरच्या वहीकडे वळवायचात, म्हणजे मुलाला आपल्याकडे कोणी टक लावून पाहतंय असं वाटू नये. शेजारून कोणी उत्तर पुटपुटलं की मान वर न करता एक बोट उचलायचात, आणि पुटपुटणं बंद व्हायचं. उत्तर आलं तरी लगेच ‘गुड’ नाही. आणखी थोडं थांबायचात. तेवढ्यात मूल स्वतःच आपलं वाक्य पुन्हा जुळवायचं आणि ‘ही गो’चं ‘ही गोज’ व्हायचं, कोणी चूक न दाखवता.

बाई, तुमच्या सगळ्या शिकवण्यात मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. ते का उपयोगी पडतं हेही लिहायला हवं, कारण पाहणाऱ्याला तो नुसता चांगुलपणा वाटतो. ‘मी काल आजीबरोबर वाळपईच्या बाजारात गेलो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ‘आय’च्या पाठोपाठ ‘वेन्ट’ हवं. म्हणजे तोंड उघडण्याआधीच काळ ठरवायचा आणि क्रियापदाचं रूप शोधायचं. ‘बरोबर’ आणि ‘त’ मराठीत नामाच्या नंतर येतात, ते उचलून नामाच्या आधी ठेवायचे. शिवाय मराठीत नसलेलं ‘द’ नेमकं ‘मार्केट’च्या आधी बसवायचं. मुलाला उत्तर येत असतं, त्याची ही जुळणी चाललेली असते. अमेरिकेत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. त्यांनीही दोन थांबे सांगितले होते, एक प्रश्नानंतरचा आणि एक उत्तरानंतरचा. तिथे तीन सेकंदांनी एवढं होत असेल, तर मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्या आपल्या मुलांना त्याहून जास्तच वेळ लागणार, आणि तुम्ही तो दिलात.

याआधी या मुलांच्या वाट्याला काय आलं होतं, तेही सांगते. जवळच्या शहरातल्या एका क्लासने ३० दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देऊन आईबापांकडून आगाऊ फी घेतली. शिकवलं काय, तर ‘मायसेल्फ’ने सुरू होणारं एक पाठ भाषण. मध्येच कोणी प्रश्न विचारला की मूल पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. एका शाळेत तर मधल्या सुट्टीत मराठी किंवा कोंकणी बोलल्याबद्दल दंड होता. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे की दुसऱ्या भाषेत रोजचं बोलणं जमायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच ते सात. मातृभाषेत वाचन पक्कं असलं तर ते दुसऱ्या भाषेतही कामी येतं, हेही त्यांचंच म्हणणं. दंड लावणाऱ्यांनी मुलाच्या हाती असलेली शिदोरीच काढून घेतली, याचा राग अजून जात नाही.

तुमची शब्दांची वही मात्र मराठीवरच उभी होती. पानाला चार रकाने: मराठी शब्द, इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत, स्पेलिंग आणि मुलाने स्वतः बनवलेलं वाक्य. दिवसाला नवे शब्द पाचच. आजचा शब्द उद्या विचारायचा, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चौथा रकाना रिकामा असेल तर शब्द आला असं तुम्ही धरतच नव्हता. वाचायचं पुस्तक निवडायची रीतही सोपी होती. कुठलंही पान उघडायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला.

उच्चारात तुम्ही भजनाचा आधार घेतलात. ठेक्यात समेवर जोर असतो, तसा प्रत्येक इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर असतो, आणि आपल्याकडची मुलं सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतात म्हणून ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. टाळ वाजवणाऱ्या पोरांना हे पटकन कळलं. आपला एकच ‘व’ इंग्रजीत दोन ठिकाणी अपुरा पडतो, तेही तुम्ही आरशात दाखवलंत: व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. व्याकरणातही तसंच: ‘सिन्स’ सुरुवातीच्या क्षणाला, ‘फॉर’ कालावधीला, म्हणून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ नाही. ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ नाही, कारण भाऊ असणं ही चाललेली क्रिया नव्हे. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. एकेका चुकीला एकेक कारण होतं, त्यामुळे मुलांना नियम पाठ करावे लागले नाहीत.

नोकरीसाठी येणाऱ्या मोठ्या मुलांना तर तुम्ही थेट कामाचंच दिलंत. आपल्याकडे किती जण हॉटेलच्या रिसेप्शनवर लागतात! तिथे फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोळ झाला की बुकिंग बिघडतं. पहिल्यात जोर ‘टीन’वर, दुसऱ्यात ‘फिफ’वर, पण पुढे ‘रूम्स’सारखा शब्द आला की हा फरक पुसट होतो. म्हणून आकडा ‘वन-फाइव्ह’, ‘फाइव्ह-झीरो’ असा सुटा करून पाहुण्याला परत ऐकवायचा. नाव घेताना विमानवाल्यांची, ए-बी-सीसाठी आल्फा-ब्राव्हो-चार्ली म्हणायची वर्णमाला वापरायची. १९५६पासून ती जगभर चालते, आणि ‘गावस’ आडनावाच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू ‘विस्की’ म्हटल्यावर कोणी व्ही लिहीत नाही. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला मिनिटभराचं उत्तर: सध्या काय करतो, काय शिकलो, केलेलं एक काम आकड्यासकट, आणि हीच नोकरी का. वडिलांचं नाव, भावंडं, छंद यांत मिनिट घालवायचं नाही. ईमेलमध्ये विषयाची ओळ रिकामी नको, पहिल्याच वाक्यात काय हवं ते.

हे सगळं दुसरं कोणी शिकवूही शकेल. पण समोरच्याला त्याचा वेळ घेऊ देणारी माणसं कमी. बँकेत म्हाताऱ्याची सही होईपर्यंत स्लिप न ओढणारा कारकून, आजीबाई पायरी चढेपर्यंत शिटी न मारणारा कंडक्टर, रुग्णाचं वाक्य पुरं होऊ देणारा डॉक्टर, अशी माणसं गावात असली की गाव राहण्यासारखं वाटतं. त्यांच्यासमोर कोणी मूर्ख ठरत नाही. तुमच्या वर्गातही कधी कोणी ठरलं नाही, आणि तुम्ही त्यासाठी कोणाकडून एक पैसा घेतला नाहीत.

वर्ग सोमवार ते शुक्रवार चालू आहे. शिकवणाऱ्या मुलांना पहिला थांबा जमू लागलाय, दुसरा अजून नाही. उत्तर आलं की ‘गुड’ निघूनच जातं. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच ‘थांबा’ असं लिहून ठेवलंय. शब्दांच्या वहीत भूगोलाची पानं अपुरी होती, ती मी पाचवीचं पुस्तक घेऊन भरते आहे. गणेश चवथीला याल तेव्हा उच्चारांचा रकाना एकदा तपासून द्या, विशेषतः जोराच्या खुणा.

तुमची,
सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका