देवाचं गोंदण आपल्या घरातलंच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हातावर ॐ, त्रिशूळ, महादेव, स्वामी समर्थ, विठोबा असं काहीतरी काढून घेतलेली पोरंपोरी आता ठाण्यात इतकी दिसतात की गोखले रोडला संध्याकाळी जरा वेळ उभं राहिलं तरी कळतं. आणि त्यांना बोलणारे पण तेवढेच वाढलेत. सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, महाशिवरात्रीला कोपिनेश्वराच्या रांगेत सगळीकडे तेच ऐकू येतं, हे परदेशी खूळ आहे, आपल्या धर्मात बसत नाही, शास्त्रात मनाई आहे, अंगावर देव काढला की त्याची विटंबना होते. माझ्या भाचीला तर घरातल्याच मोठ्यांनी मनगटावरच्या ॐ वरून रडवलं. मला हे बिलकुल पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

परदेशी कसलं? माझी आजी मुरबाडकडची, तिच्या हातावर मनगटाच्या वर तुळशीवृंदावन होतं, त्याच्या खाली सीतेची पावलं, हनुवटीवर एक ठिपका आणि दुसऱ्या हातावर भावाचं नाव. रंग हिरवट निळा, म्हातारपणी कातडी सैल पडली तशी वृंदावनाची एक बाजू पसरली होती पण तुळशीची पानं शेवटपर्यंत ओळखू यायची. गोंदणारीण गावात आली की मुलींना धरून बसवायचे, सुयांनी टोचून काजळ भरायचे, आणि गोंदलेलं नसेल तर सासरी हातचं पाणी घ्यायचे नाहीत असं ती सांगायची. तिचं म्हणणं असं होतं की बांगड्या, मणी सगळं इथेच काढून घेतात, गोंदलेलं तेवढं देवाच्या दारापर्यंत बरोबर येतं. आजही पावसाळ्यात जांभळी नाक्याला येऊरच्या पाड्यांवरून रानभाज्या घेऊन आदिवासी बायका बसतात, त्यातल्या वयस्कर बायकांचे हात भाजी घेताना जरा बघा, ठिपके, फुलं, रेघा सगळं तिथे आहे. हेच काम मशीनने केलं, एसी दुकानात केलं आणि त्याला टॅटू म्हटलं की लगेच धर्म बुडतो हे कसं काय?

आता शास्त्राबद्दल. "शास्त्रात लिहिलंय" म्हणणाऱ्यांना कुठे लिहिलंय विचारलं की उत्तर येत नाही. उलट अंगावर देवाचं चिन्ह कायमचं उमटवून घेण्याची पद्धत आपल्याकडे मोठ्या संप्रदायांमधे आहे. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत दीक्षा घेताना गुरु तापवलेल्या मुद्रांनी, म्हणजे धातूच्या ठशांनी, उजव्या खांद्यावर चक्र आणि डाव्या खांद्यावर शंख उमटवतात. मध्वाचार्यांच्या माध्व मठांमधे, कर्नाटकात उडुपीला वगैरे, आषाढी एकादशीला होमात तापवलेल्या शंखचक्राच्या मुद्रा घ्यायला लोक रांगा लावतात, त्याला तप्तमुद्रा म्हणतात. म्हणजे ज्या दिवशी आपली पंढरपूरची वारी पोचते त्याच दिवशी तिकडे हे चालू असतं. आणि याला विरोध पण होता, तो मी लपवत नाही, तप्तमुद्रा घेऊ नये असं सांगणारी वचनं पण भरपूर आहेत. पण त्याच्यावर निकाल काय लागला ते वाचण्यासारखं आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधु, अठराव्या शतकाच्या अखेरचा, आपल्याकडचे भटजी अजून त्याच्यावरूनच तिथी आणि व्रतं ठरवतात, त्यात सांगितलंय की या बाबतीत घ्या म्हणणारी आणि घेऊ नका म्हणणारी दोन्ही वचनं मिळतात तेव्हा शिष्टाचार, म्हणजे जाणती मंडळी काय करत आली ते, बघावा, ज्यांच्या घराण्यात वाडवडिलांनी मुद्रा घेतल्या त्यांनी घ्याव्या, ज्यांच्याकडे कोणीच घेतल्या नाहीत त्यांनी घेऊ नयेत. आता हे तापवलेल्या मुद्रेबद्दल आहे, सुईने गोंदण्याबद्दल नाही, हे मलाही कळतं. पण विचार करायची रीत तीच लागू होते, आपल्या घरात काय होतं ते बघा. आणि आपल्या घरात काय होतं? ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत, आगरी असो, कोळी असो, कुणबी असो, आदिवासी असो, पणजीच्या हातावर गोंदण होतंच. तोच आपला कुलाचार.

छत्तीसगडमधे रामनामी समाज आहे. १८९० च्या दशकात परशुराम नावाच्या माणसाने तो सुरू केला, जातीमुळे देवळात येऊ देत नव्हते म्हणून या लोकांनी रामाचं नाव अंगावर, कपाळापासून पायापर्यंत गोंदून घेतलं. त्यांचे फोटो बघितले की मला गहिवरून येतं, देवळाचं दार बंद केलं तर अख्खं शरीर देऊळ केलं त्यांनी. त्यांना जाऊन कोणी सांगेल का की तुमचं हिंदू धर्मात बसत नाही?

मग येतो सोवळ्याचा प्रश्न, आणि खरी भीती इथेच आहे. सुतकात आपण देव्हाऱ्याला हात लावत नाही, पाळीत बऱ्याच घरांत अजून लांब बसवतात, मग हातावरच देव असेल तर काय करायचं, संडासला जाताना काय करायचं, मटण खाताना काय करायचं. मी याचं उत्तर एकाच गोष्टीवरून देते, प्राणप्रतिष्ठा. गणपती आपण चित्रशाळेतून पाटावर आणतो तेव्हा ती मातीची मूर्ती असते, चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की तो देव आणि उत्तरपूजा झाली की विसर्जन. हातावरच्या चित्रावर कोणी प्राणप्रतिष्ठा केलेली नसते, त्यामुळे नैवेद्य, सोवळं, सुतक हे नियम त्याला लागत नाहीत. ते देवाची आठवण करून देणारं चिन्ह आहे, बस. वारकरी बाई गळ्यातली तुळशीची माळ पाळीत काढत नाही, सुतकात काढत नाही, कोणी तिला काढ म्हणतही नाही. आपल्यात राम, विठ्ठल, लक्ष्मी, पार्वती अशी नावं ठेवलेली माणसं चोवीस तास ती नावं घेऊन सगळीकडे वावरतात, तेव्हा कोणाला विटाळ आठवत नाही. फक्त माळकरी माणूस माळ घातली की मांसाहार आणि दारू सोडतो, तसं एखाद्याला टॅटू काढल्यावर मनापासून काही सोडावंसं वाटलं तर फारच छान, पण ती सक्ती होऊ शकत नाही.

जागेबद्दल मात्र मी ठाम आहे. कमरेच्या खाली देव नको. मांडीवर नको, पोटरीवर नको, पावलावर तर नकोच. आपण चुकून वहीला पाय लागला तरी नमस्कार करतो, ते लहानपणापासून आपल्या अंगात मुरलंय. रामनाम्यांचं वेगळं, त्यांनी शरीराचा कुठलाच भाग हलका मानला नाही. आपल्याकडे पायावरचा देव बघून लोकांना दुखतं आणि ते दुखणं खोटं नाही. मार्च २०२५ मधे भुवनेश्वरला एका परदेशी बाईने मांडीवर जगन्नाथ काढून घेतला, फोटो पसरले, गुन्हा दाखल झाला, तिला माफी मागावी लागली. मला वाटतं तिथे पहिली जबाबदारी दुकानवाल्याची होती, गिऱ्हाईकाला माहीत नसेल पण त्याला माहीत असायलाच हवं. पण म्हणून अंगावर धावून जाणं मला मान्य नाही. २०१५ साली बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाला नडगीवरच्या यल्लम्मा देवीच्या टॅटूवरून हॉटेलात घेरून धमकावलं होतं, तो तर प्रेमाने देवीला अंगावर घेऊन फिरत होता. नीट चार शब्दांत सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं.

चिलीम ओढणारा महादेव पण मला आवडत नाही. आजीच्या पिढीने तुळस, पावलं, नाव असं छोटं काढून घेतलं, आता पूर्ण पाठभर चेहरा काढतात आणि तो पण कुठल्यातरी पोस्टरवरून उचललेला. आणि मंत्र काढायचा असेल तर आधी कागदावर लिहून एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या रे बाळांनो, "नमः" चा विसर्ग गायब झालेले हात मी बघितलेत.

आता ज्यासाठी मी खरंतर पेन उचललं ते. मी बरीच वर्षं रक्तपेढीत लॅब टेक्निशियन होते. धर्म बुडेल म्हणून घाबरणारे आईवडील सुईबद्दल एक अक्षर विचारत नाहीत, आणि धोका सगळा तिथे आहे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू तर सुकलेल्या रक्तात बाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. जत्रेत बॅटरीवरच्या मशीनने गोंदून देणारा बसलेला असतो, एकाच सुईने एकामागून एक हात, शाई पण एकाच वाटीतली, मधे फक्त फडक्याने पुसणं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानात गेलात तर सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, शाई छोट्या नवीन टोपणात ओतून घ्यायला सांगा आणि उरलेली फेकून द्यायला सांगा, हातमोजे नवीन. तो नाही म्हणाला तर उठून या.

सैन्य किंवा निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर आधी जाहिरातीतले नियम वाचावेत. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेमधे देवाचं नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आणि त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान. उजवा हात सॅल्यूटचा, तो मोकळा हवा. भक्तीने उजव्या दंडभर काढलेल्या महादेवामुळे मेडिकलला अडकू नका.

आणि नवरात्र, गणपतीत रक्तदान शिबिरं घेणाऱ्या मंडळांना हात जोडून विनंती आहे. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त घेता येत नाही, राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचा नियम आहे. शिबिरात रांगेत उभी राहिलेली पोरं ताजा त्रिशूळ दाखवतात आणि आम्ही परत पाठवलं की तोंड एवढंसं करून जातात, काहीजण तर पुढच्या वेळी लांब बाह्यांचा शर्ट घालून येतात, ते तर जास्तच वाईट कारण ते रक्त कोणातरी पेशंटला चढणार असतं. बॅनरवर नेत्यांच्या फोटोखाली एक ओळ हा नियम पण छापा, आणि ज्यांना टॅटू काढायचाच आहे त्यांना सांगा की आधी शिबिरात रक्त देऊन जा आणि मग काही दिवसांनी निवांत काढा.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे